दुसरं पाणी

अण्णा मिस्त्रींनी आयुष्यात कधी माप लिहून घेतलं नाही. कुणाच्या गच्चीवरची टाकी किती उंच, तोटी कोणत्या अंगाला, नळी अर्ध्या इंचाची की पाऊण, सगळं डोक्यात. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराची टाकी त्यांनीच बसवलेली. नऊ वर्षांनी तिचं झाकण फुटलं, तर फोनवर नुसतं नाव सांगितलं आणि माणूस नेमक्या मापाचं झाकण घेऊन दारात. मी तोंडभर कौतुक केलं, तर म्हणाले, "कागूद हरवतोय साहेब. डोस्कं कुटं हरवतंय?"

घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि टाकीशी पुन्हा कन्नड, असा त्यांचा रिवाज होता. पाना अडला की टाकीला कन्नडमधून अशी काही झापायचे की शेजारी खिडकीत यायचे. दुसरी सवय म्हणजे कामाची गोष्ट ते दोनदा सांगत. एकदा काम करताना आणि एकदा पायात चपला घालताना. मला त्याचा कंटाळा यायचा. "अण्णा, मी बहिरा नाही," असं मी एकदा म्हणालोही. "बहिरा न्हाय, पर मालक हाय की," ते म्हणाले.

निवृत्त झाल्यावर मी एका ओळखीच्या शेटजींच्या सहलीच्या बोटीची व्यवस्था बघू लागलो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर असलेली ती बोट. पाहुणे पक्षी बघायला येत, मुक्कामाला राहत. त्यांच्या पिण्याचं पाणी काठावर टँकरने येई आणि बोटीच्या तळातल्या दोन लोखंडी टाक्यांत भरलं जाई. त्या टाक्या इतक्या गंजल्या, की चहाला आधीच रंग येऊ लागला. मी अण्णांना बोलावून घेतलं.

आधीच्या कारागिराने टाक्या ठेवून मग वरून फळ्या ठोकल्या होत्या. अण्णांनी त्या कारागिराच्या सात पिढ्या कन्नडमधून उद्धरल्या, फळ्या काढल्या, टाक्या आतल्या आत कापून तुकड्यांनी बाहेर काढल्या. नव्या मात्र चार लहान स्टीलच्या आणल्या, दोन या अंगाला, दोन त्या अंगाला, म्हणजे बोट कलायला नको. "ज्या दारातनं आत गेली, त्याच दारातनं उद्या भाईर आली पायजे," हा त्यांचा हिशेब. आठवडाभर त्या तळात वाकून काम केलं. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

नळ्या मात्र जुन्याच राहिल्या. म्हणून अण्णांनी सांगितलं, "पयलं पाणी पावडर घालून भरायचं, एक दिवस ठिवायचं, सोडायचं. दुसरं साधं भरायचं, ते बी सगळं सोडायचं. नळ्यातली घाण दुसऱ्या पाण्यात सुटती. तिसरं पाणी पाहुण्याचं." पहिलं पाणी त्यांनी स्वतः सोडलं. दुसरं टँकरवाल्याने दुसऱ्या दिवशी भरायचं होतं, आणि अण्णांना सोलापूरला परतायचं होतं. जाताना काठावर चपला घालत त्यांनी मला पुन्हा सांगितलं, "दुसरं पाणी ठिवू नका साहेब."

मी ठेवलं. आमच्या सोलापुरात नळ येतो तो चार-पाच दिवसांनी. धुण्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं कुंडीला, अशा घरात मी वाढलो. भोवती धरण भरलेलं असूनही चार टाक्या स्वच्छ दिसणारं पाणी ओतून द्यायला माझा हात धजेना. तोटीला हात लावला आणि काढून घेतला. शनिवारी पाहुणे आले. रविवारी सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. त्यांतल्या सहा वर्षांच्या मुलीला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. पोर वाचली, नाहीतर हे लिहायला माझा हात उचलला नसता.

शेटजींनी आम्हा दोघांना बोलावलं. "पाणी सोडायचं असतं, हे तुम्ही सांगितलं होतं का?" त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा निर्धास्त होते. "व्हय की, दोनदा. ह्यान्लाच विचारा." शेटजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "एकाच पाण्याचं बोलले होते. दुसऱ्याचं नाही."

अण्णा चिडतील, मला कन्नडमधून झापतील, याची मी तयारी ठेवली होती. ते चिडले नाहीत. भुवया आक्रसून नुसते आठवत राहिले. "न्हाय बोललो व्हय?" एवढंच पुटपुटले. मी खाली बघत होतो. माझ्या भित्रेपणाची मला आजही किळस येते.

त्यानंतर त्यांनी काम सोडलं. लोकांनी बोलावणं बंद केलं म्हणावं, तर तसंही नव्हतं. तेच जात नव्हते. दोन वर्षांनी धीर करून मी त्यांच्या घरी गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते. खिशात छोटी वही आणि पेन. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, चहा आणला. त्या म्हणाल्या, "आता दूध आणायचं बी लिवून घेत्यात. बोटीवर लेकरू मरता मरता वाचलं, तवापासनं सोताच्या डोस्क्यावर इस्वास न्हाय ह्यांचा."

मी कप खाली ठेवला. "अण्णा, तुम्ही सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मी शेटजींसमोर खोटं बोललो."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई मोठं मन हाय तुमचं साहेब. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सोतावर घेताय व्हय? पर मला चांगलं आठवतंय की. चपला घातल्या, आन् तसाच गेलो. न्हाय सांगितलं मी."

नंतर आणखी दोनदा जाऊन मी तेच सांगितलं. ते प्रत्येक वेळी माझीच समजूत काढत. मागच्या वर्षी अण्णा गेले, माझी चूक स्वतःची समजून.