शुक्रवारी न चुकणारा संगणक

"मी शोभा बोलतेय, वांगणीहून. नलूची धाकटी बहीण. नलू सकाळी गेली हो..." फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या आमच्या घरी मटकी निवडत होते. आजारपण माहीत होतं, आदल्याच आठवड्यात भेटूनही आले होते. तरी फोन ठेवल्यावर मी पुन्हा मटकी निवडायला बसले आणि बराच वेळ नुसतीच खडे आणि दाणे एकत्र करत राहिले. त्याला आता पाच आठवडे झाले. नलिनीताईंबद्दल लिहावं असं वाटतंय, कारण त्यांनी जे केलं ते त्यांच्या सोसायटीतही कोणाला धड ठाऊक नव्हतं.

अंबरनाथच्या एका रंगांच्या कारखान्यात तपासणी विभागात मी लागले, तेव्हा त्या माझ्या वरिष्ठ होत्या. लग्न केलं नव्हतं. बोलणं मोजकं, पण एखादा नमुना नापास झाला की त्यांचे डोळे चमकायचे. आम्ही शिक्का मारून मोकळ्या व्हायचो, त्या विचारायच्या, "अगं संध्या, पण का नापास झाला?" निवृत्त झाल्यावर त्या कंटाळतील अशी मला धास्ती होती. वर्षभराने त्यांच्या अंबरनाथच्या घरी गेले तर हॉलमध्ये तीन जुने संगणक घुरघुरत होते आणि समोर कोणीच बसलेलं नव्हतं. "हे कोणाचं काम चाललंय?" मी विचारलं. "शास्त्रज्ञांचं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

चहा घेताना त्यांनी समजावलं. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात, याचं गणित इतकं अवाढव्य असतं की एका ठिकाणी सुटत नाही. म्हणून त्याचे बारीक तुकडे करून जगभरातल्या घराघरांत पाठवतात. ज्याला हौस असेल त्याने एक सॉफ्टवेअर टाकायचं, मग आपला संगणक रिकामा असला की तो तुकडा सोडवून परत पाठवतो. प्रत्येक तुकडा दोन वेगवेगळ्या घरी जातो. दोन्ही उत्तरं जुळली, तरच स्वीकारतात. "म्हणजे या क्षणी कुठेतरी दुसऱ्या कोणाच्या घरी नेमकं हेच गणित चाललं असेल. कोण असेल गं ते?" त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याही संगणकावर ते टाकून दिलं. आमचे हे म्हणाले, "आता पाहुण्यांची गणितंही आपणच सोडवायची का?" पण चालू राहू दिलं.

मग त्यांच्या तीनपैकी एका संगणकाची उत्तरं जुळेनाशी झाली. सगळीच नाहीत, मधूनच एखादं. पडद्यावर लाल अक्षरांत 'अमान्य' यायचं. नलिनीताईंच्या ते फार जिव्हारी लागलं. त्यांनी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, पंख्यातली धूळ काढली, मेमरीच्या पट्ट्या एकेक करून बदलून पाहिल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं. काही फरक पडेना. मी म्हटलं, "ताई, जुनाट डबा तो, टाकून द्या. बाकीचे दोन आहेत ना?" त्या एकदम चिडल्या. "टाकला तर कळणार कसं? तू पण शिक्का मारूनच मोकळी होणार!" मलाही लागलं. महिनाभर मी फिरकले नाही.

मग त्यांचाच फोन आला. भांडणाचा विषय नाही, माफी नाही, थेट प्रश्न. "संध्या, आपल्याकडे शुक्रवारी काय वेगळं असतं गं?" वहीतल्या तारखांसमोर त्यांनी वार लिहिले होते आणि अमान्य उत्तरांत शुक्रवार एकही नव्हता. मी क्षणभर गोंधळले. मग म्हटलं, "शुक्रवारी... आपल्याला आठवड्याची सुट्टी असायची. इथले कारखाने बंद असतात." पलीकडून वहीची पानं भराभर उलटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा त्या प्लगपाशी स्टूल घेऊन मीटर धरून बसल्या होत्या. सोसायटीमागच्या कारखान्याच्या शेडमधलं मोठं मशीन सुरू झालं की व्होल्टेज खाली यायचं. पण मग बाकीचे दोन संगणक कसे चुकत नाहीत? म्हणजे दोष एकट्या विजेचा नाही, या संगणकाला वीज पुरवणारा आतला डबाच अशक्त झालाय. तो डबा घेऊन आम्ही रिक्षाने उल्हासनगरला लालचंदभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी तो उघडला. आतल्या वीज साठवणाऱ्या बारक्या नळकांड्यांची डोकी फुगलेली होती. "मॅडम, एवढा दिमाग एका पुराण्या डब्यासाठी?" भाई म्हणाले. "डब्यासाठी नाही हो भाई. मी कोणालातरी चुकीची उत्तरं पाठवत होते, ते का, हे कळायला नको?" नवा डबा बसवल्यावर लाल अक्षरं थांबली. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला भजी खाऊ घातली, आणि तेलकट पदार्थ त्यांच्या घरी कधीच होत नसत!

नंतर त्या आजारी पडल्या. तपासण्यांवर तपासण्या झाल्या, पण ताप का येतो ते डॉक्टरांना नीट सांगता येईना. त्यांनी त्याचीही वही केली. खाणं, औषधं, ताप, झोप. शेवटच्या भेटीत ती वही बंद करून उशाशी ठेवत म्हणाल्या, "माझ्या बाबतीत शुक्रवार सापडत नाहीये गं." मी त्यांची चादर सारखी केली. त्या मात्र हसत होत्या.

दिवसवार झाल्यावर शोभाताईंनी घर आवरायला मला बोलावलं. त्यांना हे संगणक कधीच आवडले नव्हते. या यंत्रांना सोडून नलू कधी चार दिवस वांगणीला राहायला आली नाही, ही त्यांची जुनी तक्रार. दोन संगणक बंद होते, तिसरा अजून चालत होता. शोभाताईंनी बटणाकडे हात नेला आणि थांबल्या. "हे किती झालंय?" पडद्यावर काम अर्ध्याच्या पुढे गेलेलं होतं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत होईल. मग आम्ही दोघी साड्यांच्या घड्या घालत, भांडी कागदात गुंडाळत थांबलो. मी त्यांना सगळं सांगितलं, संगणकाची वही दाखवली. त्यांनी पानं उलटली. "आणि हे मला कधी सांगितलं नाही तिने..." मग वही मिटत, "मीच कधी विचारलं नाही म्हणा." उत्तर गेलं, तेव्हा दिवे लागणीची वेळ होती. शोभाताईंनी संगणक चादरीत गुंडाळला आणि टेंपोत स्वतःच्या पायाशी ठेवून वांगणीला नेला.

मला वाटलं, आठवण म्हणून ठेवतील कोपऱ्यात. पण पुतण्याकडून इंटरनेट जोडून घेतलं आणि मला फोनवर विचारत विचारत त्यांनी तो सुरू केला. गेल्या रविवारी पुन्हा फोन. "अहो संध्याताई, आज एक लाल आलंय. पंखा पुसलाय, तारीख लिहिलीय, वारही लिहिलाय. पण का आलं असेल हो?"

मला खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, "मी शनिवारी येते. तोवर काही बदलू नका."