ठिपक्याखालचा वाक

माझी नोकरी दोष शोधण्याची होती. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्याला आम्ही नुसतं ‘प्रेस’ म्हणतो, तिथे मी टपाल तिकिटांचे छापून आलेले मोठे ताव तपासायचे. रंग सरकलाय का, रेघ तुटलीय का ते पाहायचं, आणि दोष दिसला की त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करून ताव बाजूला ठेवायचा. खराब तावावर पुढे नजर घालवायची नाही, असा आमचा शिरस्ता. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, यांचे शर्ट, माझ्या तावडीतून काहीच सुटत नाही.

मधुमेह नोकरीत असतानाच जडला. त्याच्याशी मी बऱ्यापैकी जमवून घेतलं होतं. चहा बिनसाखरेचा, भात मोजका, आणि दिंडोरीची भाची द्राक्षं घेऊन आली की थोडे मणी, तेही यांची पाठ वळल्यावर. मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पडदा तपासला. ‘काकू, शुगर आणि वय, दोघांनी मिळून उद्योग सुरू केलेत,’ म्हणाल्या. त्यांनी चौकटींच्या जाळीचा एक कागद दिला, मधोमध काळा ठिपका. रोज सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या तर लगेच यायचं.

कागद फ्रिजला चिकटवला. बरेच महिने सगळं सरळ होतं. मग एका सकाळी डावा डोळा झाकला, तर ठिपक्याखालच्या रेषा पोट सुटल्यासारख्या खाली आलेल्या. मला डॉक्टरीणबाई आठवल्याच नाहीत, प्रेस आठवली. दमट हवेने कागद ताणतो हे मी तिथेच शिकलेली. फ्रिजच्या ओलीने हाही ताणला असणार. वाकाभोवती लाल गोल केला आणि कागद नापास. दुसरा डोळा खराब तावावर कशाला घालवू?

‘अगं, मला तर सरळ दिसतंय,’ हे म्हणाले. यांनी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला.

‘नकाशातल्या नद्या बघून बघून तुमची नजर बिघडलीय,’ मी म्हटलं, आणि कागद सपाट व्हायला वाटणाच्या पाट्याखाली दाबून ठेवला.

काही दिवसांनी यांनीच तो काढून पुन्हा फ्रिजला लावला, पण उलटा. मी डावा डोळा झाकून उभी राहिले. लाल गोल ठिपक्याच्या वर गेला होता. वाक मात्र खालीच. तावातला दोष ताव फिरवला की त्याच्याबरोबर फिरतो. हा जागचा हलला नव्हता. मी उजवा डोळा झाकला, डाव्याने पाहिलं. सगळ्या रेषा सुतात.

घाबरायला हवं होतं, पण खरं सांगते, मला गंमत वाटली. डावा डोळा झाकून मी घरभर हिंडले. खिडकीचे गज, कॅलेंडरचे रकाने, ट्यूबलाइट, जिथे बघेन तिथे वाक माझ्या आधी हजर. यांच्याकडे पाहिलं तर मिशी ओघळलेली.

‘अहो, जरा हलू नका ना.’

‘तू आधी चपला घाल,’ हे म्हणाले. तोपर्यंत यांनी रिक्षा बोलावलीसुद्धा होती.

डॉक्टरीणबाईंनी पाट्याची हकीकत ऐकली, हसल्या नाहीत. पडद्यात पाणी झिरपलं होतं. ‘काकू, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, उरलेलं राखू या.’ सुई आतून कशी दिसते, हे मी विचारलं. सुई दिसली नाही. पण औषध गेल्यावर काळे गोळे तरंगताना दिसले, आणि ते विरेपर्यंत मी त्यांचा पाठलाग करत बसले. पुढे आणखी इंजेक्शनं झाली. वाक कमी झाला, गेला नाही.

उजव्या डोळ्याचं मला अजून कुतूहल वाटतं. डाव्याची मात्र भीती वाटते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, रस्ता ओलांडणं, सगळं आता त्याच्या जिवावर. तोही वाकला तर काय, हा विचार मी पुरता करतच नाही. हे चेष्टा करतात. रोज सकाळी मी कागदापुढे उभी राहिले की चहा गाळता गाळता ओरडतात, ‘काय साहेब, पास की नापास?’

परवा मी उजव्याने वाक निरखत बराच वेळ उभी होते. आदल्या दिवसापेक्षा तो किंचित बारीक वाटत होता. मागून ओरडणं आलं नाही.

‘आणि डावा?’ यांनी हळूच विचारलं.

मी वळून पाहिलं. हातातलं गाळणं तसंच धरून हे उभे होते, डोळे गच्च मिटून.

‘सरळ आहे हो, अगदी सरळ,’ मी म्हटलं. डावा डोळा मी अजून तपासलाच नव्हता.