पांढरी फीत आणि मासळी

माझी शेजारीण ख्रिस्ती, शाळेत शिकवते. दर महिन्याला पनवेलच्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्या बायकांची सभा भरते. दारू आणि नशा घरात येऊ द्यायची नाही, अशी शपथ घेतात आणि पांढरी फीत लावतात. आमच्याकडे कुणी पीत नाही, देवही वेगळे. तरी एकदा गेले. या बायका करतात काय, ते बघायचं होतं. प्रार्थना झाली, गाणं झालं, मग केक खाता खाता कुणाचा नवरा दारूतून सुटला, कुणाचा परत घसरला, याच्या गप्पा. हे मला आवडलं.

उरणहून सोसायटीत मासळी आणणाऱ्या मावशींनी शेजारणीच्या पदरावरची फीत हेरली. त्यांच्या नवऱ्याने नुकतीच दारू सोडली होती आणि मुलाची हळद तोंडावर आली होती. हळदीला पाहुण्यांना पाजावीच लागते. त्यात हा परत बसला की केलेलं सगळं पाण्यात, ही त्यांना धास्ती. पण फीत मागताना त्या अडखळल्या.

"मासळी पन सोडावी लागंल ना, ताई? मग आमी खायाचं काय?"

मला उलगडायला वेळ लागला. वारकऱ्यांची तुळशीची माळ घातली की दारूबरोबर मासमच्छीही सुटते. मावशींना फीत म्हणजे ख्रिश्चनांची माळ वाटली होती.

शेजारीण बांगडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येशूचे पहिले चेले कोळीच होते, मावशी. हे दोन बदलून द्या."

फीत देताना तिने बजावलं, शपथ ज्याची त्याने घ्यायची, दुसऱ्याला बांधायची नाही. मावशींनी मान डोलावली.

हळदीला आम्ही दोघी गेलो. फीत मावशींच्या नवऱ्याच्या मनगटावर होती, हळदीने निम्मी पिवळी झालेली. त्याचा धाकटा भाऊ ग्लास घेऊन आला आणि थबकला.

"नवस हाय?"

"हाय."

"कुनाचा?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "तिचा."

भावाने ग्लास स्वतःच रिकामा केला. नवस मोडायला कुणी लावत नाही.

"हे आमच्या शपथेत बसत नाही," शेजारीण माझ्या कानात म्हणाली.

तेवढ्यात मावशींची जाऊ आमच्याकडे आली. अजून एक फीत मिळेल का, विचारत होती. कुणासाठी, तर तिने रिकामा ग्लास धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे हनुवटीने दाखवलं. शेजारणीने पर्स उघडली.