बावन्न सेकंदांतले नऊ

सकाळचे नऊ वाजून बेचाळीस मिनिटं. गाण्यांच्या कंपनीच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत, ताई हेडफोन लावून बसल्या आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी त्या इथं ब्लेडनं टेप कापायच्या. आता माउसनं कापतात.

काम एकच: जुन्या गाण्यांच्या सुरुवातीचं संगीत छाटायचं. मोबाइलवर ऐकणारा तीस सेकंदांच्या आत निघून गेला तर ते ऐकणं मोजलंच जात नाही. म्हणून पाच सेकंदांत गायिका आली पाहिजे. छाटलेलं गाणं मोबाइलच्या ॲपवर चढलं की जुनं लांबलचक गाणं उतरवतात.

आज यादीत सतराव्या क्रमांकावर बाबांचं गाणं होतं. बाबांचं म्हणजे सुरुवातीचं बावन्न सेकंदांचं व्हायोलिन. जन्मभर त्यांनी इतरांच्या घोळक्यात वाजवलं, एकट्यानं एवढंच. या गाण्याची मूळ टेप ओल लागून केव्हाच गेली होती; उरली होती ती फक्त तिची संगणकावरची नक्कल.

ताई साहेबांकडे गेल्या. "हे एक असू द्या ना पूर्ण."

"ताई, अहो, आता एवढा जिना चढून गाण्यापर्यंत कोणी येत नाही. दार उघडं दिसलं नाही की शेजारच्या घरी."

"वडिलांचं आहे."

साहेबांनी पेन खालीवर केलं. "बरं. तुमच्यासाठी नऊ सेकंद. वर कळू देऊ नका."

त्रेचाळिसाव्या सेकंदाला टेपचा जुना जोड ऐकू येत होता, अगदी बारीक टिचकी. कापायला याहून स्वच्छ जागा नाही. ताईंनी तिथंच कापलं, पुढचे नऊ सेकंद ठेवले आणि गाणं पाठवून दिलं.

संध्याकाळी बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. रोजचाच प्रश्न आला, "आज कुणाचा गळा कापलास?"

"तुमचा."

ते हसले. "किती ठेवलंस?"

"नऊ. भांडून घेतले."

"कुठले?"

"शेवटचे. जोडापासून पुढचे."

बाबांची बोटं पांघरुणावर काही वेळ हलली, मग थांबली. "मला ताप होता गं त्या दिवशी. शेवटचा तुकडा दुसऱ्या दिवशी जोडला. तो तुझ्या मामानं वाजवलाय."

ताईंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"आयुष्यभर माझ्या खुर्चीवर डोळा होता त्याचा," बाबा म्हणाले. "बसला एकदाचा. दिवा मालव."

गाणं उद्या दुपारी बाराला चढेल. बदल सकाळी नऊपर्यंत घेतात. तळमजल्याचं कुलूप साडेनऊला उघडतं.