आधी पेशी, मग नाव

नोंद राहावी म्हणून दिवस आधी लिहितो. पहिला, दिवाळीनंतरचा रविवार. त्या दिवशी माझ्या मुलीने, डॉ. केतकीने, उल्हासनगरच्या एका प्रयोगशाळेत एक काचपट्टी वाचली आणि संध्याकाळी पदव्युत्तर प्रवेशाच्या पसंतीक्रमात पहिल्या जागी पॅथॉलॉजी हा विषय भरला. दुसरा, भोगीचा दिवस. ती काचपट्टी कोणाची होती हे त्या दिवशी तिला सांगण्यात आले. मला सांगण्यात आले नाही. तिसरा, धुळवडीची सकाळ. बदलापूरहून तिचा फोन आला, "बाबा, वामनकाका गेले." शाळेच्या बाकापासूनचा माझा मित्र गेल्याची बातमी मला माझ्याच मुलीकडून कळली. त्याच्या उशाशी ती होती, मी नव्हतो.

जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. एक, कैलासवासी डॉ. वामन स्वतः. दोन, डॉ. केतकी. तीन, डॉक्टरांची ती स्थानिक संघटना, जिने शोकसभेच्या पत्रिकेत माझ्या मुलीचा उल्लेख 'वामन यांची मानसकन्या' असा छापला. चौथे नाव माझे घालावे असे केतकीच्या आईचे म्हणणे आहे. ते मी फेटाळले आहे.

वामन पालेगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. मी अंबरनाथ पूर्वेचा, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा. तो शेताच्या बांधावरून चिखलाच्या पायांनी शाळेत यायचा आणि परीक्षेत माझ्या पुढे जायचा. ही व्यवस्था त्याने पुढे आयुष्यभर चालू ठेवली. तो डॉक्टर झाला, मी न्यायालयात शिरस्तेदार. काळा कोट मी कधी घातला नाही, तरी त्याने मला 'वकील' म्हणणे सोडले नाही. नगरपालिकेला, वीज मंडळाला, वालधुनी नदीच्या पाण्याबद्दल प्रदूषणाच्या कार्यालयाला मी जी पत्रे पाठवली, त्यांतल्या प्रत्येकाखाली दुसरी सही त्याची असे. मात्र सहीआधी तो लाल पेन मागायचा. "विशेषणं काप, वकिला. रोग आपोआप दिसतो," असे म्हणत माझी घासूनपुसून तयार केलेली वाक्ये तो उभ्या रेघेने मारून टाकायचा. मला राग येई आणि पत्रे सुधारत. या लेखातली विशेषणे कापायला आता कोणी नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

त्याने लग्न केले नाही. उल्हासनगरात, फर्निचरच्या दुकानांच्या वर, त्याची प्रयोगशाळा होती. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचा पापुद्र्यासारखा काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगायचे की हे साधे आहे की जीवघेणे... हा त्याचा व्यवसाय. त्याच्याकडे एक शिस्त होती, जी मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. काचपट्टी टेबलावर येण्याआधी त्याचा सिंधी तंत्रज्ञ हरेश तिच्यावरच्या नावावर आणि क्रमांकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. वामन आधी पेशी बघायचा, मत कागदावर उतरवायचा आणि मगच चिकटपट्टी काढून नाव आणि बाकीची माहिती वाचायचा. वाटले तर पुन्हा बघायचा, पण पहिले मत खोडायचा नाही. "नाव दिसलं की डोळा नावाचं ऐकतो," तो म्हणायचा. माझा जन्म 'अमुक विरुद्ध तमुक' असे ठळक अक्षरांत लिहिण्यात गेला. नावाशिवाय प्रकरण कसे असू शकते यावर आमचे अनेक रविवार खर्ची पडले. हरेश मध्येच चहा ठेवत म्हणायचा, "वकीलसाब, साईं, तुम्ही दोघं भांडा, पण गरम गरम प्या. थंडा झाला तर कोर्टात माझ्यावर केस."

केतकी एमबीबीएस झाली, प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करू लागली आणि रविवारी विरंगुळा म्हणून त्या प्रयोगशाळेत जाऊ लागली. विरंगुळा हा तिचा शब्द. वामनकडे दोघांनी समोरासमोर बसून एकच काचपट्टी पाहण्याचा सूक्ष्मदर्शक होता. एका बाजूला शिकवणारा, दुसऱ्या बाजूला शिकणारा. इकडे मी घराची पुढची खोली तिच्या दवाखान्यासाठी रंगवून घेतली होती. टेबल आणले, तपासणीचा पलंग आणला, पडद्याची दांडी बसवली. तिने जनरल मेडिसीन घ्यावे, अंबरनाथमध्ये बसावे, माणसांनी बाहेरच्या बाकावर थांबावे, असा माझा साधा विचार होता. ती जेवताना मात्र काचेवरच्या गोष्टी सांगे. काका म्हणाले असं असतं, काका म्हणाले तसं नसतं. लहानपणी शेजाऱ्यांच्या मुलांना ती 'माझे बाबा म्हणाले' म्हणून गप्प करायची. ते वाक्य या घरात कधी बंद पडले, तो दिवस माझ्या नोंदीत नाही, आणि नोंदी ठेवण्यात मी सहसा चुकत नाही.

आता तो रविवार. दुपारी दोघे एकदमच आले. केतकीच्या हातात उल्हासनगरची दाल-पकवानाची पुडकी, चेहऱ्यावर निकालाच्या दिवसाचा आनंद. चपला काढायच्या आधीच ती सांगू लागली, "बाबा, आज एक अवघड स्लाइड मी एकटीने ओळखली! जठराचा एवढासा तुकडा. सगळं साधं दिसत होतं, आणि एका कोपऱ्यात मोजक्याच पेशी, अंगठीसारख्या. पोट फुगलेलं, केंद्रक कडेला ढकललेलं. कॅन्सरच तो. काकांनी मला काहीच सांगितलं नव्हतं."

वामन माझ्या खुर्चीत बसला. माझ्याच. "वकिला, पोरीचे डोळे तुज्यावर नाय गेले. देवाची कृपा."

"तुझ्यावर जायचं तर काही कारण नाही," मी म्हणालो.

केतकीची आई हसली. त्याने पकवानाचा एक तुकडा मोडला, डाळीत बुडवला, बराच वेळ चघळला आणि बाकीचे ताटात ठेवून दिले. मी म्हणालो, "अन्न टाकायची ही कुठली नवी पद्धत?" तो म्हणाला, "आज पोट भरलं बाबा माजं. तिनेच भरलं." सगळे हसले. मीही हसलो असेन, कारण तसे न करणे वाईट दिसले असते. आत मात्र मला एकच गोष्ट टोचत होती. माझ्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा अशी पेटलेली मी पाहत होतो, आणि काडी दुसऱ्याची होती.

संध्याकाळी पसंतीक्रम संकेतस्थळावर कायम करण्याची मुदत संपणार होती. ती संगणकासमोर, मी मागे उभा. तिला मेडिसीन मिळू शकत होते, हे मी अधोरेखित करतो.

"पेशंटचं तोंड तरी दिसणार आहे का तुला?" मी विचारले.

"पेशंटचं सगळ्यात खरं जे असतं, ते दिसेल."

"हे वाक्य तुझं, की वामनचं?"

"माझं आहे, बाबा," ती वळून म्हणाली, "माझी वाक्यं पण असतात." आणि तिने बटण दाबले. नातेवाईकांचे फोन पुढे आठवडाभर येत होते. 'म्हणजे रक्त-लघवी तपासणार का?' या प्रश्नाची उत्तरे मी दिली, वामनने नव्हे.

पुढचे मला असे सांगण्यात आले की वामनच्या पोटात व्रण आहे, शस्त्रक्रिया झाली, पथ्य चालू आहे. मी बदलापूरला त्याच्या घरी जात होतो. तो आटत होता, पण माझी पत्रे तपासत होता. शेवटच्या पत्रातली तर त्याने अर्धी पाने उडवली. केतकी महाविद्यालयात रुजू झाली, निवासी डॉक्टरांना वेळ नसतो असे म्हणू लागली. होळीला तिला रजा मिळाली. ती अंबरनाथला उतरली नाही. पुढे बदलापूरला गेली.

अंत्यसंस्कारानंतर घरी येऊन तिने पाय धुतले, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगितले. ती काचपट्टी वामनची होती. दुर्बिणीने काढलेला त्याच्या जठराचा तुकडा, त्याच्याच प्रयोगशाळेत केलेला. तो त्याने आदल्या दिवशी स्वतः पाहिला होता आणि त्याला काही सापडले नव्हते. पण काचेखाली कोण आहे हे त्याला माहीत होते, म्हणून स्वतःच्या डोळ्यांवर त्याने विश्वास ठेवला नाही. चिकटपट्टी लावली आणि माझ्या मुलीला समोर बसवले. तिने कोपऱ्यातल्या पेशी दाखवल्या तेव्हा तो म्हणाला, "शाब्बास." मग खाली उतरून तिच्यासाठी दाल-पकवान घेतले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाने नंतर तेच मत दिले.

"मला का नाही सांगितलं? मला, केतकी?"

"पेशंटची गोष्ट होती. तुम्हीच शिकवलंय, दुसऱ्याचं गुपित आपल्या मालकीचं नसतं."

"मी पेशंटचा मित्र होतो."

"म्हणूनच. काका म्हणायचे, वकिलाला कळलं तर तो रोगाला नोटीस काढेल, आणि माझी विशेषणं कापायची मजा जाईल. एक तरी माणूस असा राहू दे, ज्याच्यासमोर मी आजारी नाही."

हा बचाव मी मान्य केलेला नाही. मी तिला समजावून सांगितले की महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून आणि गुरूच्या स्थानाचा प्रभाव वापरून जी संमती मिळवली जाते, ती कायद्याने रद्द होऊ शकते. तिचा पसंतीक्रम त्या दिवशीच्या आनंदावर उभा होता, आणि तो आनंद काय होता हे तिच्यापासून लपवले होते. तिने शांतपणे विचारले, "रद्द करायचा अधिकार कोणाला असतो?" मला खरे सांगावे लागले. ज्याची संमती घेतली, त्यालाच. त्याच्या वडिलांना नाही. कायद्यातली ही उणीव मला इतक्या वर्षांत कधी खटकली नव्हती.

"मग मी नाही करत रद्द," ती म्हणाली. "नाव ठाऊक असतं ना बाबा, तर मला त्या पेशी दिसल्याच नसत्या. मी नुसती रडले असते." आणि मग ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला... पण ते रडणे माझ्यासाठी नव्हते, हे हाताला कळत होते.

संघटनेला मी पत्र लिहिले की 'मानसकन्या' हे नाते दत्तकाच्या कायद्यात नाही, सबब जाहीर दुरुस्ती करावी. भावनेच्या भरात लिहिले गेले, असे दोन ओळींचे उत्तर आले. त्या पत्राखाली माझ्या एकट्याचीच सही होती.

सूक्ष्मदर्शक वामनने तिला दिला. दवाखान्यासाठी घेतलेल्या टेबलावर, पुढच्या खोलीत, आता तो आहे. ती सुट्टीला येते, एका बाजूला बसते, वाचते. समोरची बाजू रिकामी असते. परवा ती स्वयंपाकघरात असताना मी तिथे बसलो. मला एकाऐवजी दोन गुलाबी वर्तुळे दिसली, एकमेकांपासून दूर; कारण त्या भिंगांमधले अंतर वामनच्या डोळ्यांप्रमाणे ठेवलेले आहे. सरकवायला हात घातला, तर बोटांना पांढरी चिकटपट्टी लागली. त्याच रिळातली. ते अंतर कोणी बदलू नये म्हणून तिने ती आडवी लावली आहे. नख लावले असते तर निघाली असती. मी लावले नाही. कप घेऊन ती दारात उभी होती.

प्रतिवादी मयत झाला म्हणून दावा संपत नाही. वारस अभिलेखावर घ्यावे लागतात. वामनला मूलबाळ नाही. ज्या शब्दावर मी हरकत घेतली, त्या शब्दाशिवाय आता माझे काम अडते. ठीक आहे. मानसकन्या, तर वारस. आणि वारस, तर उत्तर देण्यास बांधील. तरी डॉ. केतकी हिने वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत, स्वतःच्या नावानिशी, जाहीर खुलासा करावा, की ती चिकटपट्टी केव्हा निघणार, आणि निघेल त्या दिवशी समोरच्या बाजूला कोणाला बसवणार.