काकांच्या कानाचं मशीन

घड्याळवाले काका घड्याळ आधी बघायचे नाहीत, ऐकायचे. गिऱ्हाइकाने काउंटरवर घड्याळ ठेवलं की हे ते उचलून कानाला लावणार, डोळे मिटणार आणि सांगणार, "तेल सुकलंय." नाहीतर, "हातातून पडलंय. लपवू नका." चाळीस वर्षं हा अंदाज चुकला नाही. आणि नेमके अशा माणसाचे कान जावेत? टिकटिक ऐकू येईना, तेव्हा दुकान बंद करायची वेळ आली.

म्हणून कानाचं मशीन घेतलं. ते कसलं मशीन! पहिल्या दिवसापासून शिट्ट्याच मारत सुटलं. काकूंनी दुसऱ्याच दिवशी तक्रारीचं पत्र लिहायला लावलं आणि दम भरला, "पोच घेतल्याशिवाय घरी यायचं नाही." विक्रेत्याने पत्रावर शिक्का मारून दिला आणि गोड हसून सांगितलं, "होईल सवय." महिना गेला. सवय कसली होतेय?

मग काकांनी नको तो उद्योग केला. बिघडलेली वस्तू हाती आली की उघडून बघायची, ही जन्माची खोड. डोळ्याला भिंग लावलं, बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मशीन खोललं. आतलं काही कळेना, म्हणून होतं तसं बंद केलं. पण सील तुटलं ते तुटलंच. विक्रेत्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "तुम्हीच मोडलंत. वॉरंटी संपली," म्हणाला, आणि बिलावरच्या ओळीवर बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

काका पार खचले. "माझीच अक्कल शेण खायला गेली होती. आता कुठल्या तोंडाने भांडू?" काकू कसल्या ऐकतात! नवऱ्याला घेऊन थेट ग्राहक मंचात गेल्या. वकील नाही, कुणाची ओळख नाही. तिथल्या कारकूनबाईंनी काकांसाठी प्रत्येक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवत अर्ज भरून घेतला. एकदाही कपाळाला आठी नाही.

सुनावणीला विक्रेत्याचा वकील सील, सील करत अडून बसला. अध्यक्षबाईंनी पत्राची पोच हातात घेतली, तारीख पाहिली आणि काकांना लिहून विचारलं, "मशीन कधी उघडलंत?"

"महिन्याने," काकांनी खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे तक्रार आधीची, दोषही आधीचा," बाई वकिलाला म्हणाल्या. "बिलावर एक ओळ छापली म्हणून जबाबदारी संपत नाही. नवीन मशीन द्या."

बाहेर आल्यावर काका कारकूनबाईंना हात जोडायला लागले. त्यांनी कागदावर लिहिलं, 'उपकार नाहीत काका, हक्क आहे तुमचा.'

"असेल," काका म्हणाले. "पण तो मिळवून देणारी माणसं भेटली, त्यांचे उपकार तरी मानू द्या की!"

नवीन मशीन बसवून काका घरी आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात होत्या. "अहोऽऽ, चहा ठेवू का?" नेहमीसारख्या ओरडल्या. तीन वर्षं असंच बोलावं लागलं होतं. शेजारीपाजारी त्यांना भांडकुदळ समजायचे.

काका दारात येऊन उभे राहिले. "अगं, हळू बोल. येतंय ऐकू."

काकूंना हळू बोलणं जमेचना. दोनदा आवाज चढलाच. मग अगदी दबक्या आवाजात, नवीन लग्न झालं तेव्हा बोलायच्या तशा, त्यांनी विचारलं, "साखर कमी घालू?"

काकांना नीट ऐकू आलं होतं. तरी ते म्हणाले, "काय म्हणालीस? पुन्हा सांग."