तू हातमोजे घाल

“तू हातमोजे घाल.”

पहिला दिवस. धाराशिवचं ते संशोधन ग्रंथालय, जुन्या कागदांची खोली, लांब टेबल. संचालकांनी पांढऱ्या सुती हातमोज्यांची जोडी लाकडी पट्टीनं माझ्याकडं सरकवली. पट्टीनं. हातानं नाही. शेजारी निखिल उभा होता, माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला. आपल्यालाही मिळतील असं वाटून त्यानं हात पुढं केला.

“तुला नको रे. तू सुरू कर,” सर म्हणाले.

मी घातले. म्हटलं, नियम असेल. टेबलखुर्चीची नोकरी लागलेली आमच्या घरात मी पहिली. वर्षभर नीट काम केलं की कायम करणार होते. त्या एका शब्दासाठी मी हातच काय, तोंडही बांधून घेतलं असतं.

आम्ही मातंग. गावाच्या तोंडी मांग. घर बेंबळीजवळच्या एका खेड्यात, वडील हलगी वाजवतात. सरांनी हे सगळं मुलाखतीतच काढून घेतलं होतं. “आडनावावरून काही कळेना, म्हणून विचारलं,” असं वर हसून म्हणाले होते.

संग्रह मात्र असा की बघत राहावं. रुमालात बांधलेले मोडी कागद, निजामाच्या काळातले उर्दू हुकूम, ताडपत्रावरच्या कन्नड पोथ्या. कापडावर काढलेले शिवारांचे नकाशे. काचेवरची छायाचित्रं. कुस्त्यांच्या फडाच्या जाहिराती, लग्नपत्रिका, जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेट. ज्याचं कुठंच जमत नाही ते ‘संकीर्ण’ लिहिलेल्या खोक्यात. एका कॅसेटमध्ये ओवी म्हणता म्हणता बाई मध्येच थांबते आणि लेकराला “गप की रं” म्हणून दटावते. ते ऐकून मी एकटीच हसले होते. मी हरखून गेले होते तिथं, खोटं कशाला बोलू.

पण हातमोज्यांत कागद कळत नाही. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की जुना कागद धुऊन कोरड्या केलेल्या हातांनी धरावा. मोज्यात बोटांना अंदाज येत नाही, कड फाटते. सरांना मी तसं एकदा म्हणाले. “ते बाकीच्यांसाठी. तुला घालावे लागतील,” एवढंच उत्तर. निखिल चिवडा खायचा, हात पँटला पुसायचा आणि पोथी उघडायचा. त्याला कधी एक शब्द नाही. उन्हाळ्यात माझी बोटं उकडून निघाली, बेचक्यांत पुरळ आलं. आई रात्री खोबरेल लावताना विचारायची, “काय गं, कसलं काम देतेत तुला?”

“कागदाचं,” मी म्हणायची.

मग आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका जुन्या घराण्यानं सामान दिलं. टेम्पोभर. पोथ्या, तराजू, पानदान, तलवारीची मूठ. सगळ्यात खाली, गोणपाटात, एक हलगी. निखिल ती उचलायला वाकला.

“थांब,” सर म्हणाले. मग माझ्याकडं बघून, “ती तू घे. आणि मोजे राहू दे गं. चामड्याला काय व्हायचंय? तुमचंच आहे ते.”

मी मोजे काढले. हलगी हातात घेतली. डाव्या हाताची पकड येते तिथं कड्याला घामाचा काळा डाग पडलेला. वडिलांच्या हलगीला अगदी तस्साच आहे. ही कुणाची, असं मी सामानाबरोबर आलेल्या त्या घराण्यातल्या माणसाला विचारलं. त्याला आठवत नव्हतं.

तिथंच डोक्यात लख्ख उजेड पडला. उघड्या हाताच्या घामानं चामडं खराब होतं. मोजे घालायचेच तर हलगी धरताना घालायचे. पण सरांना काही जपायचंच नव्हतं. पोथीला माझा विटाळ होऊ द्यायचा नव्हता, बस्स. आणि इतके महिने मी तो विटाळ स्वतःच्या हातांवर चढवून फिरत होते. रोज सकाळी. आपणहून. आधी माझी मलाच शिसारी आली. मग राग आला. राग बरा.

घरी सांगितलं. वडील हलगी शेकत बसले होते.

“पोरी, थोडं दिस दम धर. कायम हुशील, मग बोल.”

“अन् तवर?”

“तवर काय? आमी काय केलं आजवर?”

त्यांच्यावर मला चिडता आलं नाही. मी दम धरला.

ग्रंथालयाचं प्रदर्शन लागलं. बाहेरगावचे एक प्राध्यापक प्रमुख पाहुणे. विश्वस्त, पत्रकार, चहा. एका टेबलावर पोथ्या, शेजारच्या टेबलावर ती हलगी, तिच्यापुढं घराण्याच्या नावाची पाटी. हलगीपाशी आल्यावर सर खुशीत आले.

“आमच्याकडं वाजवणारीही घरचीच आहे बरं का,” ते पाहुण्यांना म्हणाले. मग मला, “ये गं. काढ ते मोजे. दोन ठेके होऊन जाऊ दे.”

लोक हसले. मोबाइल वर आले.

मी मोजे काढले. घडी घालून पर्समध्ये ठेवले.

“नाही वाजवणार.”

“अगं, लाजतेस काय?”

“लाजत नाही. माझे वडील वाजवतात, मला त्याची लाज नाही. पण मी इथं नोकरीला लागलेय ती वाजवायला नाही.”

आणि शेजारच्या टेबलाशी जाऊन मी पोथी उघडली. उघड्या हातांनी. सगळ्यांदेखत पान उलटलं. “हे पान बघा, सर,” मी पाहुण्यांना म्हणाले. पाहुण्यांनी चहाच्या कपात बघितलं. मोबाइल खाली गेले. निखिल माझ्यापासून दोन पावलं मागं सरकला.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

“उद्यापासून येऊ नको.”

“लेखी द्या.”

“लेखी कशाला?”

“नेमणूक लेखी आहे, सर. काढणंही लेखी पाहिजे. आणि कारण लिहा. हलगी वाजवली नाही म्हणून, का पोथीला हात लावला म्हणून. जे असेल ते.”

त्यांनी कागद पुढं ओढला. पेनाचं टोपण काढलं. दुसऱ्यांच्या कागदांवर भाषणं देण्यात हयात गेलेला माणूस, एक ओळ लिहिता येईना. टोपण परत लावलं.

“जा तू आता.”

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या एसटीनं गेले. तेव्हापासून रोज जाते. नळावर हात धुते, कोरडे करते, पोथी उघडते. सर माझ्याशी बोलत नाहीत. निखिलला वर्ष भरायच्या आधीच कायम केलं. मी होणार नाही, हे मलाही कळून चुकलंय आणि वडिलांनाही. वर्ष भरलं की काढतील. काढू देत. पण कारण लिहून घेतल्याशिवाय मी त्या टेबलावरून उठणार नाही. नुसतं ‘मुदत संपली’ असं लिहून दिलं, तर खरं कारण त्याच्याखाली मी लिहीन, माझ्या सहीनिशी.

ते हातमोजे मी फेकलेले नाहीत. मला काढल्याच्या त्या कागदाबरोबर संग्रहात त्यांचीही नोंद व्हायची आहे. संकीर्णात नाही. वेगळं खोकं काढून ठेवलंय मी. वर देणाऱ्याच्या नावासाठी जागा सोडली आहे. तिथं सरांचं पूर्ण नाव येईल.